अर्ध्या तिकिटाचा परदेश

भूतानला जायला भारतीय माणसाला पासपोर्टच हवा असं नाही, मतदार ओळखपत्रावरही भागतं, हे कळल्याबरोबर आमच्यात दोन तट पडले. वन्संना आणि मला आनंद झाला. भाऊजींचा, म्हणजे वन्संच्या यजमानांचा, चेहरा पडला. "मतदानाचं कार्ड दाखवून जायचं तो परदेश कसला? हे म्हणजे कोपऱ्यावरच्या शाळेत जाऊन बोटाला शाई लावून घेण्यासारखं झालं." आमच्या ह्यांनी जन्मभर ऑडिट केलं. जिथे कागद कमी लागतो तिथे काहीतरी गोम असते, असा त्यांचा अनुभव. तेही साशंक झाले. मग एजंटने सांगितलं की आधार कार्ड मात्र चालत नाही. गॅसपासून मोबाइलच्या सिमपर्यंत जे सगळीकडे लागतं, ते तिथे अजिबात चालत नाही, हे ऐकून भाऊजींना जरा धीर आला. "हां," ते म्हणाले, "मग आहे थोडा परदेश." तरी त्यांनी पासपोर्टच नेला. शिक्का हवा होता.

दुसरा वाद पैशांचा. भूतान सरकार पाहुण्यांकडून दर रात्री माणशी एक शुल्क घेतं. नाव भारदस्त आहे, शाश्वत विकास शुल्क. बाकीच्या जगाला १०० डॉलर, भारतीयांना १,२०० रुपये. काही वर्षांपूर्वीपर्यंत आपल्याला तेही नव्हतं. भाऊजींनी फोन हातात घेऊन एजंटला विचारलं, "ज्येष्ठ नागरिकांना काही?" काही नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं, त्याहून लहानांना माफ. भाऊजी म्हणाले, "आमच्या एसटीत पासष्टला अर्धं तिकीट, पंचाहत्तरला फुकट. बायकांना तर वयाचीही अट नाही." पलीकडून अतिशय सभ्य आवाजात उत्तर आलं की भूतानला एसटी जात नाही.

मला स्वतःला त्या दराचं नवल वाटत राहिलं. शंभर डॉलर म्हणजे सरळ परका. फुकट म्हणजे घरचा. आणि बाराशे म्हणजे शेजारी, वाटीभर साखर मागायला आलेला. त्याला साखर द्यायची असते, पण तो सोफ्यावर टेकून "मग, काय म्हणताय?" असं सुरू करेल याची धास्तीही असते. पुढचा सगळा प्रवास आम्ही भूतानच्या सोफ्याच्या कडेवर बसून केला.

बागडोगऱ्याला विमानातून उतरून चहाच्या मळ्यांमधून आम्ही जयगावला पोहोचलो. जयगाव हे पश्चिम बंगालचं शेवटचं गाव, पण आपण शेवटचे आहोत याची त्याला कुणी कल्पना दिलेली दिसत नाही. हॉर्न, हातगाड्या, रिक्षा, सगळं अशा जोशात चाललेलं की जणू पुढे आणखी हजार मैल भारतच आहे. मग एक नक्षीदार कमान येते आणि पलीकडे फुन्टशोलिंग. तिथे मी झेब्रा क्रॉसिंगवर नुसती उभी राहिले तर समोरून येणारी टॅक्सी थांबली. मला वाटलं ड्रायव्हरला पत्ता विचारायचाय. मी खिडकीशी गेले आणि म्हटलं, "बोलिए." तो गोंधळून म्हणाला, "जाइए." मी गेले. मागून आणखी दोन गाड्या थांबलेल्या होत्या. एवढ्या लोकांना माझ्यामुळे खोळंबा झाला, या अपराधी भावनेने मी जवळजवळ पळतच रस्ता ओलांडला.

इथे घड्याळ अर्धा तास पुढे करायचं असतं. भाऊजींनी आयुष्यात एकदा सिंगापूर केलेलं, तिथे अडीच तास. दुबईचा फरक दीड तासाचा. "अर्धा तास? डोंबिवलीहून दादरला याहून जास्त लागतो," असं म्हणून त्यांनी घड्याळाला हात लावायचंच नाकारलं. परिणामी ते संपूर्ण प्रवासात प्रत्येक ठिकाणी अर्धा तास उशिरा आले आणि प्रत्येक वेळी आम्हांलाच लवकर आल्याबद्दल बोलले.

डोंबिवलीचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकते. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत २०११च्या जनगणनेत साधारण साडेबारा लाख माणसं होती. संपूर्ण भूतानची लोकसंख्या आजही आठ लाखांच्या आत आहे. ह्यांनी हे गाडीत बसल्या बसल्या शोधून काढलं आणि मग खिडकीबाहेर बघत राहिले. अर्धा तास झाला तरी एक माणूस दिसेना. नुसते डोंगर, डोंगरावर झाडं, झाडांवर ढग. देशाच्या किमान साठ टक्के भूभागावर कायम जंगल असलंच पाहिजे, असं त्यांच्या राज्यघटनेतच लिहिलंय. शेवटी एका वळणावर एक म्हातारी मिरच्या विकताना दिसली, तेव्हा ह्यांनी सुटकेचा निःश्वास टाकून तिला हात केला.

घाटाचा हा रस्ता आपल्याच सीमा रस्ते संघटनेच्या दंतक प्रकल्पाने साठच्या दशकाच्या सुरुवातीला बांधलेला. त्याआधी इथे मोटारीचा रस्ताच नव्हता. १९५८ साली पंडित नेहरू भूतानला गेले ते नाथू ला ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, काही वाट घोड्यावर आणि काही याकवर बसून. वन्संना गाडी लागते. आवळासुपारी चघळत त्यांनी हा इतिहास ऐकला आणि याकही लागतो का, एवढीच चौकशी केली. मधे चुखाचा वीज प्रकल्प येतो, ३३६ मेगावॅटचा. पाणी वरून खाली पडतं, वीज होते, आणि तिच्यातली बरीच भारताला विकली जाते. समुद्र नाही, बंदर नाही, म्हणून या देशाने आपला उतारच विकायला काढला. ह्यांना ही कल्पना फार आवडली. "कच्चा माल शून्य," असं ते दोनदा म्हणाले.

आता गाइड. त्याचं नाव मी देत नाही, आणि दिलं असतं तरी उपयोग नव्हता. थिंफूच्या चौकात उभं राहून त्या नावाने हाक मारली तर पाच पुरुष आणि सात बायका मागे वळतील. पहिल्याच चहाला वन्संनी त्याला विचारलं, "आडनाव काय तुमचं?" त्याने दोन नावं सांगितली. "हे तुमचं, हे वडिलांचं. आणि आडनाव?" तर दोन्ही नावं त्याचीच. वडिलांची वेगळी दोन. आईची आणखी वेगळी. बहिणीची तर कुणाशीच जुळत नाहीत. बाळ झालं की लामांकडे न्यायचं, ते नाव देतात, ते ठेवायचं, संपलं. सोनम किंवा कर्मा हे बाईचंही असू शकतं आणि बुवाचंही. राजघराण्याला वांगचुक हे नाव आहे, पण सामान्य माणसाला घराण्याचं नाव म्हणून सहसा काही नसतं.

त्या रात्री वन्संना झोप लागली नाही. त्यांची अडचण मला कळत होती. आडनाव नाही म्हणजे गाव काढता येत नाही. गाव निघालं नाही तर पाहुणे निघत नाहीत. आणि पाहुणेच निघाले नाहीत तर माणसाशी पुढे बोलायचं काय? आपल्याकडे दोन अनोळखी माणसं एसटीत शेजारी बसली की पनवेलपर्यंत त्यांची सोयरीक निघते. इथे पाच माणसांच्या घरात दहा नावं आणि त्यातलं एकही सामाईक नाही. "मग लग्न जमवताना कोण कोणाचं ते समजतं कसं?" त्यांनी सकाळी विचारलं. गाइड म्हणाला, "विचारतो."

तो मात्र आपल्याला चांगलाच ओळखून होता. भूतानमध्ये दूरचित्रवाणी आली १९९९ साली. ती पिढी आपल्या मालिका बघत वाढली, त्यामुळे त्याचं हिंदी माझ्याहून चांगलं आणि सासवांविषयीची माहिती वन्संहून जास्त. हिवाळ्यात भूतानची माणसं बोधगयेला यात्रेला येतात, तसा तोही घरच्यांबरोबर आलेला. त्याला एकच शंका होती आणि ती विचारण्याइतकी ओळख व्हायला त्याने पुनाख्यापर्यंत वाट पाहिली. "मॅडम, तुमच्याकडे बायका रात्री झोपताना खरंच सगळे दागिने घालून झोपतात?" मी म्हटलं, फक्त संपत्तीचा वाद चालू असेल तेव्हा. त्याने मान डोलावली. मालिकांशी ते जुळत होतं.

भाऊजी मूळचे कोल्हापूरचे. एमा दात्शी हा भूतानचा राष्ट्रीय म्हणावा असा पदार्थ तिखट असतो, असं गाइडने सांगताच त्यांनी असं काही हास्य केलं की शेजारच्या टेबलावरच्या जपानी बाईने वळून पाहिलं. "कोल्हापूरच्या माणसाला तिखटाची भीती दाखवता?" वाडगा आला. आत होत्या हिरव्या मिरच्या आणि चीज. मिरच्या चवीला घातलेल्या नव्हत्या. भाजी मिरच्यांचीच होती, जशी आपली भेंडीची किंवा गवारीची असते. भाऊजींनी दोन घास खाल्ले. तिसऱ्या घासाला त्यांच्या कपाळावर घाम आला, चौथ्याला ते मोडीत लिहिलेलं वाचत असल्यासारखे शून्यात बघू लागले. तांबड्या रश्श्यात मिरची विरघळलेली असते, तिच्याशी समोरासमोर गाठ पडत नाही. इथे पडली. "तिखट नाहीये," ते बऱ्याच वेळाने, रडत म्हणाले, "पण चीज जरा जास्त आहे." पुढच्या जेवणापासून आम्ही केवा दात्शी मागवू लागलो. त्यात बटाटा असतो. मिरची असतेच, पण बटाट्याच्या आडून असते.

थिंफूचा आठवडी बाजार नदीकाठी भरतो. लाल तांदूळ, रानभाज्या, नेच्याचे कोंब, दोऱ्यात ओवलेले याकच्या दुधाचे कडक चौकोनी तुकडे. हे सगळं बघत मी चालले होते आणि अचानक थांबले. नाकाने थांबवलं. समुद्रापासून शेकडो मैल लांब, सुमारे २,३०० मीटर उंचीवर, चारी बाजूंनी हिमालय, आणि तिथे मला माझ्या माहेरचा वास आला. सुकी मासळी! मी माहेरची मालवणची. वासाच्या मागे मागे गेले तर खरंच एक बाई सुक्या मासळीचे ढीग मांडून बसलेली. भारतातून येते म्हणाली, इथे लोक मिरचीत शिजवतात. मी तिथे बसकणच मारली. तिला मराठी येत नव्हतं, मला जोंखा येत नव्हती, पण मासा नाकाशी नेऊन परत ठेवायची पद्धत दोघींची एकच होती. तिने माझ्याकडे बघून हातातला ढीग बाजूला सारला आणि खालच्या पोत्यातून चांगला माल काढला. वन्सं शाकाहारी. त्या लांब उभ्या राहून पदर नाकाला लावत होत्या आणि परदेशात येऊन वहिनींनी नाक कापलं, असं पुटपुटत होत्या.

परतताना गाइडने विचारलं, "मॅडम, समुद्रावर गेल्यावर तुम्ही करता काय? डोंगरावर गेलं की वर जायचं असतं. समुद्रावर?" मी खूप विचार केला. "आम्ही भेळ खातो," मी म्हटलं.

थिंफूत ट्रॅफिक सिग्नल नाही. एकदा बसवला होता, लोकांना तो माणूसघाणा वाटला, म्हणून काढून टाकला. आता मुख्य चौकात रंगीत नक्षीच्या छत्रीखाली पांढरे हातमोजे घातलेला पोलीस उभा असतो आणि नाचाच्या मुद्रा कराव्यात तसे हात हलवतो. भाऊजी त्याच्याकडे वीस मिनिटं बघत उभे होते. दंड करतोय का, हे त्यांना पाहायचं होतं. तो कुणालाच करेना, तेव्हा त्यांचा रस संपला.

चांगलिमिथांगच्या मैदानावर तिरंदाजी चालली होती. हा त्यांचा राष्ट्रीय खेळ. ऑलिंपिकमध्ये लक्ष्य ७० मीटरवर असतं, इथे १४५ मीटरच्या आसपास, म्हणजे दुपटीहून लांब, आणि लक्ष्य म्हणजे जमिनीत रोवलेली एक रंगवलेली फळी. एवढ्या लांबून मला ती फळी दिसत नव्हती. पण तिच्या दोन्ही बाजूंना, अगदी खेटून, घो नावाचा तिथला पोशाख घातलेली माणसं उभी होती. ती दिसत होती, कारण ती उड्या मारत होती. विरुद्ध संघाचा माणूस नेम धरू लागला की ही माणसं फळीशेजारी उभी राहून त्याची टर उडवतात: तुझ्या नेमाची, तुझ्या चेहऱ्याची, तुझ्या बायकोची. बाण येतो, ती जरा बाजूला सरकतात. बाण लागलाच तर मारणाऱ्याच्या संघाचे सगळे हातात हात धरून गातात आणि सावकाश नाचतात. मग पुढचा बाण. ह्यांनी विमा कोण उतरवतं याची चौकशी केली. भाऊजी म्हणाले, "आपल्याकडे स्लिपमधला फील्डर असं काही बोलला की लगेच मॅच रेफरी." दोन तास आम्ही तिथून हललो नाही. कोण जिंकलं ते कळलं नाही. बहुधा खेळणाऱ्यांनाही त्याची फारशी घाई नव्हती.

ह्यांचा खरा उद्योग मात्र वेगळाच होता. भूतानचे चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी सत्तरच्या दशकात सांगितलं की राष्ट्रीय उत्पन्नापेक्षा राष्ट्रीय आनंद महत्त्वाचा. त्याचं पुढे रीतसर मोजमाप सुरू झालं, नऊ क्षेत्रं आणि तेहतीस निर्देशांक घेऊन. माणूस किती तास झोपतो, शेजाऱ्यांवर त्याचा विश्वास आहे का, असले प्रश्न त्यात असतात. जन्मभर ऑडिट केलेल्या माणसापुढे कुणी आनंदाचा ताळेबंद ठेवला तर तो तपासल्याशिवाय कसा राहील? ह्यांनी वही काढली. वेटर, ड्रायव्हर, दुकानदार, जो भेटेल त्याला, "आर यू हॅपी?" लोक हसून "येस ला" म्हणत. हे समोर बारीक अक्षरात लिहीत: पुरावा नाही. फक्त थिंफूच्या हॉटेलातल्या रिसेप्शनवरच्या मुलीने सविस्तर उत्तर दिलं. ती म्हणाली, "आनंदी आहे सर. पर्थचा व्हिसा आला की आणखी होईन." तिची मोठी बहीण आधीच ऑस्ट्रेलियात होती आणि वर्गातल्या अर्ध्या मुली तिकडे जायच्या तयारीत. हे उत्तर मात्र ह्यांनी पूर्ण उतरवून घेतलं. त्यावर तिची सहीही घ्यायला निघाले होते, मी हात धरला.

पुनाख्याला जाताना दोचुला ही खिंड लागते, ३,१०० मीटर उंच, १०८ स्तूपांची. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. तरुणपणी कळसूबाई चढल्याचं भाऊजी आम्हांला गेली तीस वर्षं सांगत आले आहेत. इथे ते टॅक्सीत झोपलेल्या अवस्थेत त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर पोहोचले आणि उठल्यावर गप्प गप्प होते. खरं तर बोलणं त्यांना शक्यच नव्हतं, कारण बाजारातून घेतलेला याकच्या चीजचा तुकडा सकाळपासून त्यांच्या तोंडात होता. तो चावायचा नसतो, नुसता गालात धरायचा असतो. भाऊजींनी तो दाढेखाली घेतला आणि वरची कवळी सुटली. ती परत बसेपर्यंत आणि तुकडा विरघळेपर्यंत वन्संनी आयुष्यात प्रथमच इतकं शांत हवामान अनुभवलं.

दोचुल्यावरून हिमालयाची शिखरं दिसतात म्हणे. आम्हांला धुकं दिसलं. गाइडने धुक्यात बोट करून सांगितलं, तिथे गांगखर पुएन्सुम आहे, ७,५७० मीटर, आजवर माणूस न चढलेलं जगातलं सर्वांत उंच शिखर. शिखरांवर देवांचा वास असतो अशी श्रद्धा. १९९४ पासून ६,००० मीटरच्या वरच्या शिखरांवर बंदी होती, २००३ पासून गिर्यारोहणच बंद. हे ऐकून माझ्यातल्या मराठी मनाला जरा लागलं. आपल्याला डोंगर दिसला की त्यावर चढायचं, वर गारद म्हणायची, पिठलंभाकरी खायची आणि उतरायचं, हे रक्तात आहे. डोंगराकडे लांबून बघून परत जायचं, म्हणजे मग डोंगर कशाला?

आता चिमी ल्हाखांगचं देऊळ. ही कथा वन्संच्या परवानगीने सांगते आहे, म्हणजे त्यांनी नको म्हटलं आहे, पण फार ठामपणे नाही.

पंधराव्या-सोळाव्या शतकात द्रुक्पा कुनले नावाचा एक अवलिया संत होऊन गेला. दारू, बायका, विनोद आणि धर्म हे त्याने एकाच पंगतीला बसवले. त्याच्या आठवणीने या भागात घराघरांच्या भिंतींवर लिंगाची चित्रं रंगवतात. दृष्ट लागू नये, वाईट काही आत येऊ नये म्हणून. चित्रकाराने बघणाऱ्याच्या कल्पनाशक्तीवर काहीही सोपवलेलं नसतं. चांगली पुरुषभर उंच, रिबिनी बांधलेली, काहींना तर डोळेही काढलेले. दुकानांत लाकडाची, सगळ्या मापांत. वन्संनी पहिली भिंत पाहून "शंकराचं असेल" म्हणत हात जोडले. दुसऱ्या भिंतीपाशी त्यांचा आवाज बंद झाला. आमच्या ह्यांनी कॅमेरा काढून तिथल्या खिडक्यांच्या कलाकुसरीचे फोटो घ्यायला सुरुवात केली. त्या सगळ्या फोटोंत खिडकी अर्धीच आली आहे, कारण उरलेली अर्धी ते टाळत होते. भाऊजींना मात्र परदेश शेवटी सापडला होता. ते प्रत्येक भिंतीपुढे उभे राहून फोटो काढून घेत होते, आणि हे फॅमिली ग्रुपवर टाकू की नको, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

भाताच्या शेतांमधून चालत टेकडीवरच्या देवळात गेलं की तिथले भिक्षू डोक्यावर लाकडी लिंग टेकवून आशीर्वाद देतात. मूल व्हावं म्हणून लांबलांबून जोडपी येतात. वन्संची सूनबाई बंगळुरूला असते. लग्नाला बरीच वर्षं झाली आहेत आणि या विषयावर वन्सं फोनवर काही बोलत नाहीत, फक्त उसासे सोडतात. देवळाची महती ऐकताच त्या सरसावल्या, रांगेत उभ्या राहिल्या, डोळे मिटून, सूनबाईचं पूर्ण नाव मनात घेऊन पुढे झुकल्या. टक. आशीर्वाद झाला.

बाहेर आल्यावर गाइड अस्वस्थ दिसला. "आंटीजी, हे कुणासाठी घेतलं?"

"सुनेसाठी."

तो जरा थांबला. "पण आशीर्वाद ज्याच्या डोक्याला लागतो, त्यालाच मिळतो."

वन्संचं वय एकसष्ट. भाऊजी जे हसायला लागले ते देवळाच्या पायरीवर बसून, कवळी हातात घेऊन हसले. हेही हसले, भिंतीकडे तोंड करून. आणखी भर म्हणून गाइडने सांगितलं की इथल्या आशीर्वादाने होणाऱ्या मुलाचं नाव बहुतेक वेळा किनले किंवा चिमी ठेवतात. भाऊजी म्हणाले, "आडनावाचा प्रश्नच मिटला." तिथून पारोपर्यंत वन्सं त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी ताक्त्सांग, वाघिणीचं घरटं. पारोच्या खोऱ्यावर जवळजवळ ९०० मीटर उभा कडा, आणि त्या कड्याला चिकटवल्यासारखा, ३,१२० मीटरवर मठ. गुरू पद्मसंभव वाघिणीच्या पाठीवर बसून इथे उडत आले अशी कथा. मठ १६९२चा. १९९८ साली आगीत जळला, पुन्हा बांधला. एवढं सगळं सामान तिथे वर परत कुणी आणि कसं नेलं, हे कड्याकडे बघून कळत नाही. रोपवे नाही. भाऊजींनी चौकशी केली, रायगडाला आहे म्हणून सांगितलं. घोडा मिळतो, पण अर्ध्या वाटेवरच्या कॅफेटेरियापर्यंतच, आणि उतरताना तोही नाही.

आमचा बेत पक्का होता. वन्संचे गुडघे दुखतात, तेव्हा त्या खाली बसणार, मी त्यांच्या सोबतीला, पुरुष वर जाणार. पण भाऊजी घोड्यावर चढताना मागे वळून म्हणाले, "तू नकोच येऊस. तुझ्या अशा अवस्थेत." वन्सं उठल्या. साडी खोचली, काठी घेतली आणि चालायला लागल्या. रागाने माणूस किती उंच चढतो याचा कुणी अभ्यास केला असेल तर मला माहीत नाही, पण मी त्यांच्या मागे धापा टाकत होते आणि मला त्यांची फक्त पाठ दिसत होती. भाऊजींचा घोडा, सगळ्या डोंगरी घोड्यांच्या रिवाजाप्रमाणे, दरीच्या कडेने चालत होता. भाऊजी डोळे गच्च मिटून मारुतिस्तोत्र म्हणत होते. कॅफेटेरियापाशी वन्संनी त्यांना मागे टाकलं. शेवटचा तो भयंकर जिना, आधी खाली आणि मग वर, धबधब्याच्या तुषारांतून, तोही त्यांनी न थांबता काढला. फोन, पर्स, चपला सगळं बाहेर ठेवून त्या आत गेल्या आणि गाइडमार्फत तिथल्या वृद्ध भिक्षूंना त्यांनी थेट विचारलं, आदल्या दिवशी घेतलेला आशीर्वाद सुनेच्या नावावर करता येतो का.

भिक्षूंनी वय विचारलं. सांगितलं. ते इतका वेळ हसले की मागची रांग खोळंबली. मग डोळे पुसून त्यांनी वन्संच्या ओंजळीत तीर्थ घातलं. काही बोलले नाहीत. वन्संनी ते प्यायलं, उरलेलं डोक्याला लावलं, आणि बाहेर येऊन जाहीर केलं की कालचं रद्द झालं. तोपर्यंत भाऊजी रांगत रांगत वर पोहोचले होते. त्यांना पाणी देऊन त्या म्हणाल्या, "एवढंसं चढायला इतका वेळ? तुमचं ते कळसूबाई खरं का हो?"

डोंबिवलीला परतल्यावर ह्यांच्या पाकिटात भूतानच्या काही नोटा निघाल्या. तिथला एक न्गुलत्रुम म्हणजे आपला एक रुपया, आणि आपल्या नोटाही तिथे सर्रास चालतात, त्यामुळे सुट्ट्या पैशांत कधी कोणत्या आल्या ते लक्षात राहत नाही. एकास एक भाव असलेलं चलन बँकेने घ्यायलाच हवं, असं ह्यांचं म्हणणं. ते बँकेत गेले, रांगेत उभे राहिले. काउंटरवरच्या मुलाने नोट उजेडात धरली. "काका, हे कोण?"

ह्यांनी सांगायला सुरुवात केली. पाचवे राजे. २००८ साली राज्याभिषेक आणि त्याच वर्षी राज्यघटना. वडिलांनी आपणहून गादी सोडलेली. साठ टक्के जंगल. तेहतीस निर्देशांक. १४५ मीटरवरून तिरंदाजी. रांग वाढत गेली, पण कुणी तक्रार केली नाही. दोन-तीन जण तर पुढे सरकून ऐकत होते. सगळं ऐकून घेतल्यावर त्या मुलाने नोटा अदबीने परत केल्या.

"नेपाळच्या नोटा इथे नाही घेत, काका."

आणि रांगेच्या शेवटून कुणीतरी मोठ्याने विचारलं, "पशुपतिनाथ झालं का हो चांगलं?"